चार वाजताचं उड्डाण

प्रिय विशाखा,

जिंकले गं! सकाळपासून इथे नीउ-व्हेनेप गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात एकटीच हसतेय. जयेश म्हणतो, बायकोला डॉक्टरकडे न्यावं लागणार.

तुला माहीत आहे ना, लायडनच्या आमच्या संशोधन गटाचं विमान मे महिन्यातल्या गडगडाटी ढगांच्या कडेकडेने उडून मोजमापं घेतं. कुठे जायचं, कधी निघायचं, ते सांगायचं मी. यंदाचं एकच उड्डाण उरलं होतं. वैमानिकांना एकदा बोलावलं की त्यांच्या ड्यूटीचे तास सुरू होतात. मग वादळ उशिरा आलं तर बसा बोंबलत. दोन आठवड्यांपूर्वी मी तेच करून बसले. त्यांना सकाळीच बोलावलं, आणि वादळ आलं तेव्हा तास संपून ते घरी निघाले होते.

काल संगणकाची सगळी मॉडेल्स म्हणत होती, वादळ दुपारी बाराला. मी सकाळी सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने पाठवलेले आकडे पाहिले. दीड किलोमीटरवर गरम हवेचा थर, कुकरच्या झाकणासारखा घट्ट बसलेला; तो फुटेपर्यंत ढग वर चढणार नाहीत. म्हटलं, चार वाजता निघा, जर्मन सीमेकडे. आमच्या प्रमुखाने मॉडेल्सकडे पुन्हा एकदा बघितलं आणि वैमानिकांना चारची वेळ कळवली. बारा वाजले, दोन वाजले, आभाळ निळंशार. डबासुद्धा उघडला नाही गं. चारला विमान उडालं तेव्हाही ढगाचा पत्ता नव्हता. पाचला दहा कमी असताना झाकण उडालं! अर्ध्या तासात ढग बारा किलोमीटर उंच, आणि आमचं विमान बरोब्बर त्याच्या शेजारी! प्रमुख अभिनंदन करत होता आणि मी वेडी त्याच्याशी मराठीतच बोलत सुटले.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, तुझ्या श्रीहर्षला इथे आइंडहोव्हनला नोकरी लागली, तू त्याच्यामागून येणार, आणि हवामानशास्त्राची पुस्तकं रद्दीत घालतेयस. खबरदार! मीही अशीच आले होते. सात वर्षं 'मिस्टरांबरोबर आलेय' एवढीच ओळख सांगत फिरले. आणि ते झाकणाचं गणित मला शिकवलं कुणी? परीक्षेच्या आदल्या दुपारी, कॉलेजच्या मेसमध्ये, मी ताटावर रडत असताना, तूच ना? पुढच्या वसंतासाठी आम्हाला अंदाज सांगणारं आणखी एक माणूस हवंय. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. प्रमुखाला तुझं नाव सांगून टाकलंय, तुला न विचारता. हव्या तेवढ्या शिव्या दे. पुस्तकं बॅगेत भर. लोणचं इथे मिळतं.

तुझीच,
सुनेत्रा