पेशीला अंगठा

मुंबई, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रुपास निर्मलाबाईचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर तुझ्या बापाचं आहे. मी आपल्या बोलीत 'शे' म्हणते, धर्मेंद्र 'आहे' लिहितो. इतकं शुद्ध मी जन्मात बोलले नाही. फोनवर बोलते कमी, खोकते जास्त, म्हणून पत्र.

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर नेहमीच्या औषधासोबत मूळपेशींची चाचणी चालू आहे. 'पेशी' ऐकलं नि मी लुगडं सावरून उठले. बांधाच्या भांडणात तुझ्या आजोबांची शहादा कोर्टात अकरा वर्षं पेशी चालली. वाटलं, आता माझी तारीख निघाली. वकील कोण दिलाय, विचारलं. बाई हसता हसता खाली बसल्या.

मग समजावलं. बाळंतिणीने राजीखुशीने दिलेल्या नाळेतून जिवंत कण काढतात, त्यांच्यात बदल करून सलाईनसारखे अंगात सोडतात. ते गाठ हुडकत जातात म्हणे, नि तिला मारायचं औषध तिथेच तयार करतात. आपण नाळ पुरतो, हे तिला कामाला लावतात. पण कण निम्म्यांनाच; बाकीच्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. गुण येईलच असंही कुणी म्हणत नाही. आणि तीन महिने इथेच राहायचं. तुझे दिवस तर मार्चअखेर भरतात.

महिनाअखेरीपर्यंत हो-नाही सांगायचंय. तुझं मन काय म्हणतं, कळव. म्हातारीवर माया असू दे.

तुझी आजी

---

प्रकाशा, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस रुपाचा शि. सा. नमस्कार.

वकिलाचं वाचून आई हसली, मग बराच वेळ पाठमोरी भांडी घासत बसली.

मी स्वार्थी आहे. तू घरी ये. कळा सुरू झाल्या की हात धरायला मला तूच हवीस. निम्म्यांना पाणीच मिळणार असेल, तर पाण्यासाठी मुंबईला कशाला राहायचं? इथे तापी भरलेली आहे. तू आली नाहीस तर बारसं करणार नाही, बाळ बिननावाचं ठेवीन. बाबांना म्हणावं, हे खाडाखोड न करता वाचा.

राग धरू नकोस, जीव लावत राहा.

तुझी रुपा

---

मुंबई, २७ फेब्रुवारी २०२५

चि. रुपास आशीर्वाद, पोटातल्यालाही वेगळे.

तुझ्या बापाने खाडाखोड केली नाही. दोनदा चष्मा मात्र पुसला.

मी अंगठा दिला. शिकलेली नाही म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे यजमान भीमसिंग, धडगावचे मास्तर, त्यांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. त्यात होतं, वाटेल तेव्हा सोडून जाता येईल, कारण सांगायची गरज नाही. ते दोनदा वाचायला लावलं. लग्नात मला असं कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

काल पहिली बाटली चढवली. अनोळखी बाळंतिणीची नाळ होती की पाणी, देव जाणे. मी दोन्हीला हात जोडले.

घरी आले असते तर तुझा हात धरला असता, खरं आहे. पण मला ते पोर रांगताना बघायचंय, अंगणातली कोंबडी त्याने पळवलेली बघायचीय. त्यासाठी इथे थांबावं लागतंय. स्वार्थी तू एकटीच नाहीस. हात तुझी आई चारुलता धरेल. तिचा हात माझ्यापेक्षा मऊ आहे, तिला सांगू नकोस.

आणि नावासाठी खोळंबू नकोस. बाराव्या दिवशी ठेवा नि लगेच कळवा. मी इथूनच हाक मारायची सवय करते.

लोभ आहेच, तो वाढवत ने.

तुझी आजी, निर्मलाबाई
(अंगठा)