काहिलीपाशी एकच आवाज

३ जानेवारी
मुलाने मला न विचारता आमच्या गुऱ्हाळावर बाहेरचा गुळव्या ठरवायला घेतलाय! काहिलीवर उभी मी, पाक बघणारी मी, आणि ही बातमी मला देतो कोण — ऊस आणणारा ट्रॅक्टरवाला! म्हणे, "आजी, आता आराम करा." तुझ्या आजीला सांग आराम.

कारण काय, तर परवा एक ढेप बसली नाही. शेणासारखी पसरली. मी म्हटलं, ऊस कोवळा होता. ऊस कोवळा नव्हता. इथे लिहिते, तोंडाने बोलणार नाही. पाक पाण्यात टाकून गोळी दाबून बघितली, पण बोटांना कळेचना कच्ची की पक्की. चाळीस वर्षं कढता पाक चाचपून बोटांचं चामडं झालंय.

४ जानेवारी
मुलाशी भांडण. "आई, त्या माणसाकडे थर्मामीटर आहे. आकडा बघतो आणि सांगतो." म्हटलं, "तुला जन्म दिला तेव्हा मी आकडा बघितला नव्हता." पण आठवड्याची मुदत दिलीच — एक जरी काहील बिघडली तरी तो माणूस येणार. मला मुदत! याचा शेंबूड मी पुसलाय.

६ जानेवारी
तीन काहिली काढल्या. ढेपा अशा कडक की ठोकल्या तर वाजतात. घ्या!

८ जानेवारी
आजही झकास. बोटं तशीच मेलेली, अंदाजानेच ओरडते. चुलव्या मागच्या खड्ड्यात बसून चुलाणात चिपाडं सारतो, तिथून त्याला काहील दिसत नाही. तो हाक मारतो, "ओढू का जाळ?" मी हो म्हटलं, म्हणजे पाक झाला, की चिपाडं बाहेर ओढून जाळ कमी करायचा. काहिलीपाशी एकच आवाज, हा इथला कायदा. सासूने मला शिकवला, मी सुनेला. सून समोर झारा धरून पाकावरची मळी काढते, तोंडातून शब्द नाही. म्हणून बरी.

९ जानेवारी
चुलव्याने हाक मारली आणि नेमकी वाफ माझ्या घशात गेली. ठसक्यावर ठसका, शब्द फुटेना. तरी जाळ खाली बसला की! तशीच खड्ड्यात उतरले. "कुणी सांगितलं रे?"

चिपाडांकडे बघत म्हणाला, "वहिनींनी झारा काठावर दोनदा आपटला."

"कधीपासून चाललंय हे?"

"ती ढेप पसरली तेव्हापासून. तुमचं ऐकतो, आजी. ओढतो मात्र झाऱ्यावर."

वर येऊन सुनेला धरलं. "चोरटे! माझ्या काहिलीत ढवळाढवळ?"

ती झारा धूत होती. मान वर नाही केली. "पाक झाऱ्यावरून कसा तुटतो, त्यावरून कळतं मला. तोंडाने सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

नसतं.

"मग काहील बिघडली असती आणि यांनी तो माणूस आणला असता. तुम्ही खाटेवर आणि मी जन्मभर मळीवर."

रागाने जेवले नाही. मग भूक लागली, जेवले.

१० जानेवारी
मुलाला सांगितलं, त्या थर्मामीटरवाल्याला कळव, येऊ नकोस म्हणून. मग सगळ्यांदेखत चुलव्याला बजावलं — झाऱ्याची ठोकाठोक आजपासून बंद. तू हाक मारायची आणि उत्तर सुनेने द्यायचं, तोंडाने, मोठ्याने. मध्ये मी बोलले तरी माझं ऐकायचं नाही!