चौथ्या टाकीची कमाल

४ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाला ती हवीच. (शास्त्रज्ञ म्हणजे मी. या शब्दाला बायको हसते. हसू दे.)
अडचण: पाणी तापलं की समुद्रशैवाल मऊ पडतं आणि दोऱ्यांवरून गळून जातं. गेल्या उन्हाळ्यात ताईचं अख्खं पीक आठवड्यात गेलं. यंदाही गेलं तर ती समुद्रातले तराफे, दोऱ्यांसकट, विकून लेकीकडे राहायला जाणार.
उपाय: मी. चांगली खानदानी झाडं निवडून चार लग्नं लावली. चारही जोडप्यांची पोरं ताईच्या मागच्या खोलीत, चार टाक्यांत. प्रत्येक टाकीला हीटर. तीस डिग्रीपासून सुरुवात, दर आठवड्याला एक वाढवायची. जी वाचतील ती ताईच्या दोऱ्यांवर.
संकल्प: रोज तीनदा थर्मामीटर लावणार. सबब चालणार नाही.

७ मार्च
थर्मामीटर फुटला. स्टुलावर ठेवला होता. स्टुलावर मी बसलो. ताई म्हणाली, नवा आण. मी म्हटलं, हीटरच्या चकतीवर आकडे छापलेत, तेच उतरवायचे.

११ मार्च
फोन सारखा मान टाकतो आणि सगळे फोटो त्यातच. खोलीत एक पॉइंट मोकळा असेल तर शपथ. शेवटी खिडकीजवळचा एक प्लग काढून चार्जर लावला. कशाचा होता देव जाणे. काही बंद पडलेलं दिसलं नाही.

२५ मार्च
३३ डिग्री. टाकी एक आणि तीन संपल्या. दोनमध्ये एक काळपट, वाकडा खुंट तेवढा उरलाय. खिडकीतली चौथी मात्र टवटवीत. मला पहिल्यापासून माहीत होतं. (वर कुठे लिहिलेलं नाही, पण माहीत होतं.)

१ एप्रिल
३४. चौथी अजून डोलतेय. वाणाला माझं नाव द्यावं की आडनाव? सत्काराचं भाषण आरशासमोर दोनदा म्हटलं. बायकोने विचारलं, पाण्यात हात घालून पाहिलास का. शास्त्रात असं चालत नाही, हे तिला समजावणं अवघड आहे.

६ एप्रिल
लावणी. ताई म्हणत होती, आधी अर्ध्याच दोऱ्यांवर लावू. मी छातीठोकपणे सांगितलं, सगळ्यांवर लाव, जबाबदारी माझी. तिने लावलं.
दोन नंबरचा खुंट मी कचऱ्यात टाकला होता. फोटोत अगदीच दरिद्री दिसायचा. ताईने तो उचलून शेवटच्या दोरीच्या टोकाला बांधला. म्हणाली, मेला नाही ना अजून? धाकट्या भावाचं या घरात कोणी ऐकत नाही.

१२ एप्रिल
सगळं गळालं. ताईने ओल्या रिकाम्या दोऱ्या दारात आणून टाकल्या. मी म्हटलं, समुद्रातच काहीतरी गडबड असणार. ती दोऱ्या गुंडाळत बसली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१३ एप्रिल
फोन घ्यायला मागच्या खोलीत गेलो. ताई मागोमाग आली. चार्जरशेजारी लोंबणारी एक वायर तिने हातात धरली आणि तिच्यामागे चालत गेली. वायर चौथ्या टाकीच्या हीटरला पोचली. तिने पाण्यात हात घातला, मग माझा हात धरून घातला. गार.
महिनाभर मी फक्त माझा फोन तापवत होतो. खूप लाज वाटली. ताईला तसं सांगितलंही.
ती म्हणाली, चल, काहीतरी दाखवायचंय. शेवटची दोरी तिने पाण्यातच ठेवली होती; तिच्या टोकाला तो दरिद्री खुंट तसाच होता, दोन नवे फुटवे काढून. परत आणून दोन नंबरच्या टाकीत ठेवला. तराफे विकायचं एक वर्ष पुढे ढकललंय. नवा थर्मामीटर तिने स्वतः आणलाय आणि तो तिच्याच खिशात राहणार आहे.
संकल्प: यापुढे मी रोज तीनदा

१४ एप्रिल
ही नोंद ताईची. वही स्टुलावर पडली होती, सगळी वाचली. टाकी दोन: ३४, हात घालूनही पाहिलं. खुंट जिवंत. थर्मामीटर पाच मिनिटं स्टुलावर ठेवलाय. भाऊ, उभाच राहा.