विसाव्या नोंदीची वाट पाहणे अर्जदारास अशक्य झाल्याबाबत

सोमवार, दि. १६ ऑक्टोबर २००६

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
दवाखान्याबाहेरील हृदयबंद अभ्यास प्रकल्प,
कोल्हापूर कार्यालय.

अर्जदार: शिवशरण विरूपाक्ष हुक्केरी, वय ५३, धंदा चांदीकाम, राहणार हुपरी (पश्चिम भाग).
अर्ज लिहून देणार: गणपतराव चिखलीकर.

विषय: संमतिपत्राच्या कलम ४ मधून अर्जदारास मोकळे करणेबाबत, निदान स्वतःच्या बायकोपुरते.

संदर्भ: १) अर्जदाराचे संमतिपत्र, दि. ९ जून २००२.
२) आपल्या कार्यालयाने परत केलेला फॉर्म, दि. ११ सप्टेंबर २००६.

महोदय,

अर्जदार शेजारी बसून सांगतो आहे आणि खाली सही करणारा लेखक लिहितो आहे. लेखकाने एकतीस वर्षांत जमिनीचे, रेशनचे, बदलीचे, भांडणाचे अर्ज लिहिले. माणसाच्या छातीचा अर्ज हा पहिलाच. तेव्हा कुठे सरकारी भाषेचा तोल सुटला तर तो दोष लेखकाचा धरावा. अर्जदार गरीब स्वभावाचा असून त्याला आवाज चढवून बोलता येत नाही.

१. सन २००२ साली आपल्या प्रकल्पाने हुपरी गावाचे दोन भाग केले. स्टँडच्या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या सहा जणांना, दवाखान्याबाहेर अचानक कोणाचे हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा चालू कसे करावे, हे शिकवण्यात आले. पूर्वेकडे कोणालाच शिकवले नाही. शिकवलेल्या बाजूला जास्त माणसे जगतात की काय, हे मोजायचे होते. शिकवणारे डॉ. केतन साहेब फार चांगले गृहस्थ होते. त्यांनी रबरी पुतळ्यावर तीन दिवस घाम गाळून घेतला आणि चौथ्या दिवशी सह्या घेतल्या. कलम ४ असे: "अभ्यास पूर्ण होईपर्यंत मी ही पद्धत अन्य कोणासही शिकवणार नाही, करून दाखवणार नाही." शिकवले तर मोजणी बिघडते, असे कारण सांगितले. अर्जदाराला ते पटले आणि त्याने सही केली.

२. अभ्यास कधी पूर्ण होणार, तर पश्चिम भागात वीस नोंदी झाल्या की. नोंद म्हणजे पडलेला माणूस, मग तो जगो वा न जगो. आजपर्यंत एकोणीस झाल्या. त्यातली दोन माणसे जगली. एक नोकरीनिमित्त पुण्याला गेला. दुसरा गुंडू, स्टँडसमोरचा चहावाला. अर्जदाराने दाबताना त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आणि थंडीत त्या अजून ठणकतात. त्यामुळे तो अर्जदाराला रोज सकाळी फुकट चहा देतो आणि रोज सकाळी शिव्याही देतो. अर्जदाराची याबद्दल काही तक्रार नाही.

३. शिकलेल्या सहापैकी दोघे चांदीच्या धंद्यापायी सेलमला गेले, एक उचगावच्या कारखान्यात लागून तिकडेच राहिला, एक वारला. पाचव्याने पहिल्याच नोंदीनंतर हात जोडले. त्याच्या हाताखालचा माणूस गेला होता आणि त्याला जेवण जाईना. उरला अर्जदार. आता गाव त्याला सोडत नाही. लग्नात नवरदेवाच्या मावशीला चक्कर आली, बोलवा शिवशरणला. कुस्तीत गडी बेशुद्ध पडला, बोलवा. मागल्या वर्षी एका घरात म्हैस आडवी झाली म्हणून बोलावले. अर्जदार तिथेही पळत गेला, काय करणार. पूर्वेकडेही तो जातो, मोजणीत धरत नाहीत तरी जातो. एस.टी.त चढताना लोक दार अडवून विचारतात, परत कवा? सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला बेळगावला जायचे होते, ते राहिले. चार वर्षांत तो कोल्हापूरच्या पलीकडे गेलेला नाही.

४. कोल्हापूरला मात्र यावेच लागते, कारण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपल्या कार्यालयात हजर राहून अहवाल द्यायचा असतो. नोंद नसेल तर निरंक अहवाल द्यायचा, म्हणजे "या महिन्यात कोणीही पडले नाही" असे लिहून सही करायची. टपालाने चालत नाही. गेले चौदा महिने अर्जदार निरंक अहवाल देतो आहे.

५. हे चौदा महिने कसे गेले, तेही अर्जदाराला सांगायचे आहे. लेखक म्हणाला, हा परिच्छेद गाळू, साहेबांना काय करायचंय. अर्जदार म्हणाला, राहू दे. गोष्ट अशी की, अभ्यास संपायला एकच माणूस कमी आहे. त्यामुळे पारावर म्हातारा खोकला की अर्जदाराची नजर तिकडे जाते. कोणी जिना चढून धापा टाकत आला की तो त्याच्या छातीकडे बघतो. चांदीची कडी जोडता जोडता मनात येते, हा पडला तर मी सुटलो. ज्या हातांनी माणसे उठवायची त्या हातांचा मालक माणसे पडायची वाट बघतो आहे. त्याला स्वतःची लाज वाटते, साहेब. हे त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते.

६. दि. ४ सप्टेंबर रोजी, पहिला सोमवार म्हणून, अर्जदार निरंक अहवाल घेऊन आपल्या व्हरांड्यातील बाकावर बसला होता. आपण मीटिंगमध्ये होता. त्या वेळी अर्जदाराची थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली होती. तिला घरात आणि गावात सगळे आक्काच म्हणत. अर्जदाराची आई लवकर गेल्याने आक्कानेच त्याला वाढवले. पुढे ती राधानगरीला दिली. सकाळी पावणेबाराला आक्का तांदूळ निवडता निवडता सुपासकट कलंडली. जवळ अर्जदाराची पत्नी रत्नव्वा एकटीच होती. तिने हाका मारल्या, पाणी शिंपडले, तळवे चोळले, जीपला माणूस धाडला. छातीचे तिला काही माहीत नव्हते. माहीत कसे असणार? अर्जदार घरी उशीवर सराव करायचा तेव्हा तिला बाहेर काढून दाराला कडी लावायचा. सही केली होती ना.

७. जीप यायला पन्नास मिनिटे लागली. आक्का गेली. आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या निरंक अहवालावर शिक्का मारला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. "या महिन्यात कोणीही पडले नाही." ती पोच सोबत जोडली आहे.

८. रीतीप्रमाणे अर्जदाराने आक्काच्या नोंदीचा फॉर्म भरला. रडत भरला, पण भरला. एका बाजूने वाटत होते की आक्काने जाता जाता तरी त्याला सोडवले, कारण पश्चिम भागातील विसावी नोंद हीच. आठवड्याने फॉर्म परत आला. अर्जदार विचारायला आला, तेव्हा आपले कारकून बाळासो यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजावून सांगितले, "पावणं, बाई राधानगरीच्या. आपला अभ्यास हुपरीचा हाय." बाळासोंचा यात दोष नाही, नियम तसाच आहे. अर्जदाराने मग अभ्यासच बंद करायची विनंती केली. त्यावर कळले की बंद करण्याचा आदेश मुख्य कार्यालयाने द्यायचा, मुख्य कार्यालय अंतिम अहवालाशिवाय आदेश देत नाही आणि अंतिम अहवाल विसाव्या नोंदीशिवाय होत नाही. डॉ. केतन साहेब परदेशी गेले असून त्यांचा पत्ता दप्तरात नाही.

९. दि. ७ ऑक्टोबर रोजी अर्जदाराला स्वतःलाच दम लागला म्हणून कोल्हापुरातील डॉक्टरांना दाखवले. हृदयाची पट्टी (ई.सी.जी.) काढली, छातीचा फोटो काढला. हृदय वाढलेले आहे, कमजोर आहे, कधी दगा देईल नेम नाही, जड काम बंद करा, असे सांगण्यात आले. अर्जदाराने विचारले, दुसऱ्याची छाती दाबणे हे जड कामात येते काय? डॉक्टर आधी हसले आणि मग अर्जदाराचे तोंड पाहून त्यांनी चिठ्ठीवर "जड काम बंद" या शब्दांखाली दोन रेघा ओढल्या. म्हणजे आता अर्जदाराने दाबायचे नाही, आणि दुसऱ्याला शिकवायचेही नाही.

१०. घरी येऊन त्याने ही गोष्ट रत्नव्वाला सांगितली. आक्का गेल्यापासून ती कमी बोलते. तिने हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमी पडलासा तर म्या काय करायचं? फारम भरायचा व्हय?" साहेब, याचे उत्तर आपल्याकडे असल्यास लेखी कळवावे.

११. रत्नव्वाला गुपचूप शिकवून टाक की, कोण बघतंय, असे गुंडूने सांगितले. लेखकानेही सांगितले. गावात निम्मी माणसे सही करून शब्द फिरवतात. पण अर्जदार तसला नव्हे. त्याच्या बापाने तोंडी शब्दावर किलोकिलो चांदी सांभाळली. त्याला सही मोडता येत नाही. वेडेपणा म्हणा, पण असली माणसे आहेत म्हणून आपल्या मोजण्या खऱ्या निघतात.

१२. तेव्हा लेखकाने आपला चष्मा पुसला आणि कलम ४ स्वतः वाचले. तीनदा वाचले. शिकवणार नाही, करून दाखवणार नाही, एवढेच त्यात आहे. संबंधित अधिकाऱ्यास अर्जात तपशील कळवणार नाही, असे कुठेही नाही. अर्जदार नेमकी कोणती गोष्ट शिकवण्याची परवानगी मागतो आहे, हे दप्तरात स्पष्ट असणे नियमाला धरूनच आहे. सबब तपशील खालीलप्रमाणे.

माणूस एकाएकी पडला, हाक मारून व खांदे हलवून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर वेळ घालवू नये. अधूनमधून आचके देत असेल तर तो श्वास समजू नये. एकाला गाडीसाठी पिटाळावे. माणसाला गादीवर नव्हे, कडक जमिनीवर उताणे निजवावे आणि शेजारी गुडघ्यांवर बसावे. एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनाग्रांच्या मध्ये, हाडावर ठेवावी. त्यावर दुसरा हात. कोपरे ताठ. अंगाचा भार टाकून छाती दीड-दोन इंच खाली दाबावी आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटाला शंभर, म्हणजे तार ठोकताना आपल्याकडे हातोडी चालते त्या चालीने. पंधरा दाब झाले की नाक धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत. ते जमत नसेल तर नुसते दाबत राहावे. बरगडी वाजली तरी थांबू नये. गुंडूच्या दोन वाजल्या होत्या. हात भरून आले तरी, लोक ओढू लागले तरी, गाडी येईपर्यंत थांबू नये.

हे लिहिता लिहिता लेखकाने टेबलावर तळवा टेकून पाहिला. अर्जदाराने लगेच मान फिरवून घेतली, कारण चुकत असते तर त्याला सांगावे लागले असते आणि ते शिकवणे झाले असते.

१३. तरी मायबाप सरकारने, म्हणजे आपण, अर्जदारास कलम ४ मधून मोकळे करावे. ते होत नसल्यास आक्काची नोंद हुपरीची धरावी. तिने शेवटचे तांदूळ हुपरीतच निवडले. तेही होत नसल्यास, विसावी नोंद अर्जदाराची स्वतःची होण्याचा पूर्ण संभव असल्याने, ती धरून अभ्यास बंद करावा आणि त्यानंतर गावात सर्वांना, पूर्वेकडच्यांनाही, शिकवावे. अर्जदार पश्चिम भागातच राहतो. रेशनकार्डाची प्रत जोडली आहे, म्हणजे या खेपेला फॉर्म परत येणार नाही.

आपल्या व्हरांड्यातील बाकावर उत्तराची वाट पाहणारा,

(सही) शिवशरण विरूपाक्ष हुक्केरी

अर्ज लिहून देणार: (सही) गणपतराव चिखलीकर

सोबत:
१) संमतिपत्राची प्रत.
२) दि. ४ सप्टेंबरच्या निरंक अहवालाची पोच, वेळ १२.१०.
३) आक्काचा परत आलेला फॉर्म.
४) डॉक्टरांची चिठ्ठी व पट्टी.
५) रेशनकार्डाची प्रत.

प्रत माहितीसाठी सादर:
१) मुख्य कार्यालय.
२) गुंडू, चहाचा गाडा, एस.टी. स्टँडसमोर, हुपरी.
३) सौ. रत्नव्वा शिवशरण हुक्केरी, हुपरी. यांना वाचता येत नसल्याने परिच्छेद १२ लेखकाने समोर बसवून चार वेळा वाचून दाखवला. त्या वेळी अर्जदार बाहेर उभा होता. करून दाखवलेले नाही.