हीटरमागची झुरळं

मंगळवार, संध्याकाळ. दुबई

मॉलमधल्या स्नो पार्कात आम्ही दिवसभर बर्फ ओढतो आणि मागच्या खोलीत हीटरवर हात शेकतो. हीटरमागे झुरळं दिसली, म्हणून मीच तक्रार केली होती. आज पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, "ठंड में मरते नहीं, सुन्न होते हैं. गर्मी मिली कि फिर चालू." सुपरवायझरने हीटरच उचलून नेला. खलास!

रत्नागिरीच्या इस्माईलभाईंची बोटं आधीच सुजलेली. "सर, हमारे हाथ?"

"डबल ग्लव्ह्ज पहनो."

झुरळांचा विचार झाला, आमचा नाही.

जेवताना इस्माईलभाईंनी विचारलं, "तक्रार कुणी केली रे?"

"माहीत नाही."

का खोटं बोललो मी?

"असू दे," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्याला तरी कुठे कल्पना होती?"

उद्या सांगेन, इन्शाल्ला. छे, नाही सांगणार.