आत्याची हिरवी भिंत

वाकेनहूक,
५ जून १९८३

चि. नॉर्बर्ट यास गोदलीव्ह आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. हवामान, जेवण आणि उजवा गुडघा, एवढ्यावर तुझं पत्र संपतं. अरे, हे पत्र आहे की दवाखान्याचा केसपेपर?

इथली बातमी अशी की कॅफेची दर्शनी भिंत रंगवून घेतली. तुझ्या सायकल संघाचा तो पिवळा उन्हाने पार शिळ्या मोहरीसारखा झाला होता. आता छान हिरवी केली आहे, नव्या अळशीच्या शेतासारखी. तुझा फोटो पुसून पुन्हा होता तिथेच टांगला. बेकरीवाला मेडार फुटपाथवर उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, म्हणजे हिरवं ठरलं तर! मी म्हटलं, हो, ठरलं. दिसत नाही का, डोळे काय पाठीला आहेत? त्यावर त्याने चर्चमध्ये डोलावतात तशी मान डोलावली आणि पाव न देताच निघून गेला.

रविवारी टाय लावलेला एक वार्ताहरही येऊन गेला. भिंतीकडे बघत बघत अर्धी बिअर प्यायला आणि अर्धी तशीच टाकून धावत सुटला. बिअर टाकून जाणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

टूर द फ्रान्सच्या यादीचं काय? यंदा शर्यत फ्रान्सच्या सीमेवरच्या दगडी रस्त्यांवरून जाणार, असं सगळे बोलतात. त्या दगडांवर तुझ्यासारखा दुसरा कोण आहे त्यांच्याकडे? लवकर कळव.

प्रकृतीला जप. लोभ एवढा वाढू दे की पुढचं पत्र दोन पानांचं होईल.

तुझी आत्या,
गोदलीव्ह


स्वित्झर्लंड,
१५ जून

ति. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आत्या, काय करून बसलीस! हॉटेलच्या फोनवर संघाचा मॅनेजर कान लावून बसतो, म्हणून लिहितो आहे. हे घे दोन पानं.

सायकलपटूच्या घरच्या कॅफेची भिंत म्हणजे त्याचा करार, हे आपल्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याने संघ बदलला की हिवाळ्यात भिंतीचा रंग बदलतो. तू तो जूनमध्ये बदललास! आणि रंग कुठला, तर थेट त्या इटालियन कॉफी यंत्र कंपनीच्या संघाचा. वर मेडारने वार्ताहराला सांगितलं की खुद्द आत्याच म्हणाली, ठरलं. गेल्या आठवड्यात पेपरात माझ्या फोटोखाली मोठा मथळा होता की देस्मितेरे हिरव्यांकडे चालला. मी तर हिरव्यांपैकी कोणाशी कधी हवापाण्याच्याही गोष्टी केलेल्या नाहीत. हंगाम संपेपर्यंत कराराबद्दल तोंड उघडायचं नाही, असा इथला दंडक आहे.

आता सगळा संघ मला पोपट म्हणतो. सकाळी माझ्या ताटाशेजारी कोणीतरी हिरवी मिरची ठेवतं.

ती थट्टा सोसेन. पण काल चढावर माझी छाती फुटायची वेळ आली होती, तेव्हा मॅनेजर लांदेहेमने गाडी शेजारी आणली, काच खाली केली आणि आरामात सांगितलं की यादी लागायच्या आत भिंत पिवळी झाली नाही, तर टूरला दुसरा कोणी जाईल. डिसेंबरात माझा करार संपतो, आत्या. बाटल्या वाहणारा, वाऱ्यात पुढे राहून दुसऱ्याला आडोसा देणारा पाणक्या मी. माझ्या नावावर विजय नाहीत. टूरही हुकली तर नवा करार कोण देणार? मग मेडारच्या भट्टीवर पाव भाजायला उभा राहीन.

रंगाऱ्याला बोलव ना. तुझ्या पाया पडतो.

थट्टा पुरे, लोभ मात्र असू दे.

तुझा,
नॉर्बर्ट


वाकेनहूक,
१८ जून

चि. नॉर्बर्ट यास अनेक आशीर्वाद.

भिंत पिवळी होणार नाही.

हिरवा का, असं तू विचारलं नाहीस, पण सगळं गाव विचारतं. मला हिरवा आवडतो. बाईच्या आवडीला याहून मोठं कारण लागत नाही. मी तुझी आत्या आहे, तुझा संघ चालवणाऱ्या त्या फरशी कंपनीची जाहिरात नाही. लांदेहेमने तुझे पाय घेतले आहेत, माझा चुना नव्हे. आज भिंत सांगतो आहे, उद्या पडदे सांगेल, परवा मी कुठल्या रंगाची चोळी घालावी तेही सांगेल. कॅफे काढण्याआधी माझी तरुणपणाची वर्षं गिरणीत गेली, नॉर्बर्ट. तिथेही मालक आधी एवढंच म्हणायचे की डोक्याचा रुमाल अमुक रंगाचा बांधा, शिस्त दिसते. ज्या खात्याने रुमाल बदलला, त्याच खात्याची जेवणाची सुट्टी पुढे कापली गेली. माणूस एकदम वाकत नाही. त्याला आधी मान हलवायची सवय लावतात.

आणि तुमचा दंडक तरी बघ. तुझ्याबद्दल लांदेहेमने बोलावं, वार्ताहराने लिहावं, मेडारने कणीक मळताना भाव करावा. तोंड बंद ठेवायचं ते फक्त ज्याचे पाय आहेत त्याने! बाजारात वासरूसुद्धा हंबरतं रे.

एक गंमत. हिरव्यांच्या माणसाचा काल कॅफेत फोन आला. त्याला वाटलं की मीच तुझे सौदे ठरवते. मी विचारलं, माझा भाचा तुमच्याकडे काय करणार? म्हणाला, बाटल्या वाहील, वाऱ्यात पुढे राहील. मी म्हटलं, ते तर तो इथेही करतो. पिंजऱ्याचा रंग बदलायला पोपटाने एवढं उडावं कशाला? तो बिचारा हसला, पण फोन ठेवला नाही. नाव लिहून घेतलं आहे. तुझं तू ठरव.

रागावलास तरी चालेल, लोभ तोडू नकोस.

तुझी आत्या,
गोदलीव्ह


स्वित्झर्लंड,
२१ जून

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी चिडलो, मग हसलो. पोपटाची गोष्ट खोलीत सांगितली, तर मिरची ठेवणारेच सगळ्यात मोठ्याने हसले.

पण प्रकरण पुढे गेलं आहे. लांदेहेम म्हणतो, भिंत राहू दे. पेपरात द्यायला त्याने एक निवेदन तयार केलं आहे, त्यावर मी सही करायची. त्यात असं आहे की माझी आत्या आता वयस्कर झाली, तिचं डोकं ठिकाणावर नसतं, ती मनाला येईल ते रंगवते आणि मनाला येईल ते बोलते. कुटुंबाला याचा खेद आहे. सही केली की टूरच्या यादीत माझं नाव, आणि पुढच्या दोन वर्षांचा करारही. नाही केली तर रविवारी शर्यत संपताच सायकल जमा करून घरी जायचं.

आमचा लीडर व्हालेअर म्हणतो, कर सही, नुसती शाईच तर आहे. सगळे तेच म्हणतात. मी विचार करायला वेळ मागितला आहे.

खोटं कशाला बोलू? सगळी वर्षं मी दुसऱ्यांसाठी वारा खाल्ला तो टूरमध्ये उभं राहायला मिळावं म्हणून. आज जेवताना तो कागद खिशात होता आणि पेनही होतं. तू काय म्हणतेस?

उत्तर कसंही असो, लोभ असावा.

तुझा,
नॉर्बर्ट


वाकेनहूक,
२३ जून

चि. नॉर्बर्ट यास आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे.

सही कर.

मला वेडी ठरवणारा लांदेहेम पहिला नाही. संपाच्या वेळी गिरणीमालकाने सबंध खात्यासमोर मला वेडी म्हटलं होतं, तेव्हा मी टेबलावर चढून आणखी जोरात बोलले. भिंत माझी होती, म्हणून मी भांडले. टूर तुझी आहे. माझ्या भांडणाची किंमत तू का द्यावीस? माझी परवानगी आहे, मनात किंतु ठेवू नकोस. गावाला माझं डोकं माहीत आहे. फक्त ‘वयस्कर’ शब्द काढायला सांग, वेडी चालेल.

ज्या दिवशी ते छापून येईल, त्या दिवशी कॅफे बंद ठेवीन. एवढंच.

खाऊन घेत जा. आणि आत्या वेडी असली तरी लोभ करायला शहाणीच आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
गोदलीव्ह


स्वित्झर्लंड,
२५ जून

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही.

तुझी परवानगी वाचली. कॅफे बंद ठेवण्याची ओळही वाचली. तुझा कॅफे तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बंद नव्हता, असं बाबा सांगायचे. कागद लांदेहेमला परत नेऊन दिला. तो म्हणाला, मूर्खा, कोणाच्या जिवावर एवढा ताठा? मी म्हटलं, ज्या जिवावर तुमचा लीडर डोंगर चढतो, त्याच.

तो टायवाला वार्ताहर शर्यतीमागे इथेही आला आहे. मग खाली जाऊन त्याला माझंच निवेदन सांगितलं. त्याने ते लिहून घेऊन दोनदा वाचून दाखवलं. उद्या छापून येईल ते असं:

माझी आत्या गोदलीव्ह पूर्ण शुद्धीवर आहे. भिंत तिची आहे. माझे पाय डिसेंबरअखेरपर्यंत व्हर्मार्के फरशी कंपनीला भाड्याने दिले आहेत. जीभ दिलेली नाही.

उद्या सायकल जमा करणार. यादीत नाव नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. काही दिवस लिंबुर्गला मित्राच्या शेतावर राहतो, पत्ता मागे लिहिला आहे. तिथे फोन नाही, हे फार बरं.

यापुढे लोभावाचून माझ्याकडे दुसरं काही नाही, तेवढा सांभाळ.

तुझा,
नॉर्बर्ट


वाकेनहूक,
२८ जून

चि. नॉर्बर्ट यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र घेऊन मेडारचा भाऊ स्वतः गाडीने येतो आहे. वाचून लगेच त्याच्याच गाडीत बस.

पेपर आला त्या दिवशी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. मेडारने तुझं निवेदन खुर्चीवर उभं राहून वाचलं, आणि जिभेच्या ओळीला असा काही आवाज लावला की हा आमच्या गिरणीच्या कामगार संघटनेत असायला हवा होता असं मलाच वाटलं. पूर्वी मी त्याला मऊ कणीक समजत होते, ते शब्द मागे घेते.

आता मुख्य गोष्ट. आज लांदेहेमचा फोन आला. नॉर्बर्ट कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कोण बोलतंय? त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, वयस्कर बाई आहे मी, डोकं ठिकाणावर नसतं, पुन्हा सांगा. त्याला सावकाश, अक्षर अक्षर सांगावं लागलं. मागे सगळा कॅफे तोंडात रुमाल कोंबून बसला होता.

झालं असं की व्हालेअरने यादी वाचली आणि विचारलं, दगडी रस्त्यांवर मला कोण नेणार? लांदेहेमने कोणा पोराचं नाव घेतलं. व्हालेअर म्हणाला, मग त्या पोरालाच लीडर करा, मी येत नाही. हे तुझ्यावरच्या प्रेमाने नव्हे हो, दगडांच्या भीतीने! पण ध्यानात ठेव, मालकाला दया आली म्हणून कुठलाही संप जिंकला गेला नाही. यंत्र थांबलं, तेव्हाच त्याला कामगाराचं नाव आठवलं.

निवेदन नको, भिंतीचं काही नको, फक्त ये, असं लांदेहेम म्हणाला. मी म्हटलं, निरोप देईन. यायचं की नाही, ते ज्याचे पाय आहेत तो सांगेल.

बिअरमध्ये शिजवलेलं मटण डब्यात दिलं आहे. लोभ डब्यात मावला नाही.

तुझी आत्या,
गोदलीव्ह


फ्रान्स,
४ जुलै

ति. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आज दगड पार पडले. मटण पहिल्याच संध्याकाळी संपलं, मिरचीवाल्यांनीही खाल्लं.

धूळ एवढी होती की पिवळा कोण आणि हिरवा कोण, काही कळत नव्हतं. व्हालेअरला मी पहिल्या दगडापासून पाठीशी घेऊन निघालो. मधेच त्याचं चाक फुटलं. माझं काढून त्याला दिलं, ढकलून पुढे लावला आणि मी रस्त्याच्या कडेला गाडीची वाट पाहत उभा राहिलो. तो पुढच्यांच्या बरोबरीने पोचला, मी फार मागून. माझं काम मी चोख केलं, आत्या. ते कोणाला भिऊन केलं नाही.

जेवणाच्या टेबलावर लांदेहेम शेजारी येऊन बसला. म्हणाला, झालं गेलं विसरू या. त्याने दोन वर्षांचा करार माझ्यापुढे ठेवला. काम तेच. पण खाली एक नवं कलम होतं की सायकलपटूच्या कुटुंबीयांनीही संघाच्या रंगाचा मान राखावा. त्याने पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. व्हालेअरचा घास तोंडातच राहिला.

तेवढ्यात वेटर सूप घेऊन आला. टेबलावर जागा नव्हती. मी वाडगा घेतला आणि नेमका त्या कराराच्या मधोमध ठेवला.

डिसेंबरनंतर काय खाशील, असं लांदेहेमने हळूच विचारलं. मी म्हटलं, आधी हे संपवतो. आणि तळ दिसेपर्यंत सावकाश प्यालो.

लोभ असावा असं आज लिहीत नाही. तो आहे, हे मला ठाऊक आहे.

तुझा,
नॉर्बर्ट