काचेवरचा शेंदूर

२१ ऑक्टोबर २०१५, खंडेनवमी

संकल्प: आजपासून रोज रोजनिशी. दोन ओळी तरी. वही जुनीच, मागची कोरी पानं वापरायची.

काल विद्युत सोसायटीची सेक्रेटरी झाले. जागा महिला राखीव, आणि बेटावर दहावी पास बाई मी एकटीच. हे चेअरमन आहेत त्याचा यात काही संबंध नाही, असं ह्यांनी सभेत तीनदा सांगितलं.

आज घरोघर विळे-कोयते पुजले. मी म्हटलं, सेक्रेटरीचं हत्यार म्हणजे डीपी. कागदावर तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतात. काठावरून आलेली एक लाईन, कट्ट्यावरची ही एक डीपी आणि तिच्यावर चालणारी बोअरची एक मोटार. सगळ्या वस्तीचं पिणं एवढ्यावरच. धरण आटून बेटाभोवती आता चिखल आहे, पण नाव बेटच.

शहादेव वायरमनने लाईन बंद करून शिडी धरली. डीपीच्या डोक्यावर आडवी टाकी आहे, तिला गोल काच. अगदी डोळाच. तिच्यावर बोटभर शेंदूर थापला, वर चांदीचा वर्ख. काय तेज आलं!

शहादेव खालून म्हणाला, काकू, ती तेलाची काच हाय, आत तेल कितीय ते तिच्यातून बघत्यात. म्हटलं, देवाच्या पोटात किती आहे ते बघायचं नसतं.

शिडीने गुडघे बोंबलले.

२७ ऑक्टोबर, दुपारी

वरच्या ऑफिसातून फॉर्म आला. लहान सोसायट्यांनी उपकरणांची माहिती दर महिन्याला पाठवायची. मी घरीच पाच मिनिटांत भरला. माझं अक्षर बघून साहेब चकित होणार.

तेलाची पातळी: उत्तम.
ब्रीदरमधल्या (हवेच्या नळीवरच्या डबीतल्या) खड्यांचा रंग: गुलाबी, प्रसन्न.
आवाज: ओंकारासारखा.
गळती: नाही.

गळती अगदीच नाही असं नाही. खालच्या तोटीतून तेल थेंब थेंब पडतं. शहादेव म्हणाला, वायसर खराब झालाय, उद्या केजला जातो अन् आणतो. म्हटलं, जीपभाडं कोण देणार? थेंबाचं काय एवढं. खाली वाटी ठेवली.

दुष्काळात काहीच वाया घालवायचं नाही. नियम म्हणजे नियम.

२८ ऑक्टोबर

वाटी भरली. फेकणार कशी? गुडघ्याला चोळलं.

२९ ऑक्टोबर

जिना चढले. धरायला काही नको!

२ नोव्हेंबर

शेजारच्या छबुबाईची कंबर धरलेली. चमचाभर दिलं. संध्याकाळी येऊन पाया पडली. म्हणाली, बाई, तुमच्या हाताला लई गुण हाय. मी म्हटलं, हात माझा, करणी डीपीची. विनय सोडायचा नाही.

५ नोव्हेंबर

संताप. देवाघरी गेलेल्या सासूबाई असत्या तर त्यांनाही सहन झालं नसतं.

दुपारी कट्ट्यावर गेले तर शहादेव रॉकेलचा बोळा घेऊन शिडीवर. शेंदूर पुसायला निघालेला! वर खिशात वायसर. स्वतःच्या पैशाने आणला म्हणे. मी ओरडले तर म्हणतो, काकू, पाया पडतो, एकदा बघू द्या. तेल घटलं तर ही जळंल, मंग बसा बोंबलत. डीपीला जळंल म्हणतो! तेही सणावाराच्या तोंडावर.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, अगं पण तो म्हणतो ते... मी जेवायला वाढलं नाही. मग हे म्हणाले, बघतो.

७ नोव्हेंबर

सभेत शहादेवला काढलं. कारण: देवस्थानाचा अवमान व कट्ट्यावर विडी. विडी त्याने ओढली नव्हती, पण ओढतो हे सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या मनात राग नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. डीपीच्या जाळीची किल्ली आता माझ्या कमरेला. वायरमनची जागा भरायची नाही असं ठरवून घेतलं. केवढी बचत!

१६ नोव्हेंबर

शहादेवने मुकादमाकडे नाव घातलं. नवरा-बायको ऊस तोडायला निघाले. बायको मनकर्णा दारात येऊन उभी. काखेत तान्हं. म्हणाली, काकू, अंगावर पितं लेकरू हाय, कोयता कसा धरू? वायरमनकीवर आमचं भागत होतं.

मी तिला बसायला पाट दिला. म्हटलं, मनकर्णा, चांगलं बघायला शीक. तिकडं पाणी आहे, हिरवळ आहे, उसाचा रस आहे. इथं काय आहे? तिने लेकरू दुसऱ्या काखेला घेतलं. बघत राहिली. तिला पटलं.

तिची सासू वत्सलाबाई एकटी मागे राहिली. तिच्यासाठी बाटलीत थोडं तेल पाठवलं. आपल्याकडून होईल तेवढं.

२२ नोव्हेंबर, एकादशी

उपवास. रोजनिशी रोज लिहायची होती. कामं फार.

आता दर गुरुवारी बायका वाट्या घेऊन येतात. थेंबाथेंबाने सगळ्यांना पुरत नाही, म्हणून तोटी जराशी मोकळी केली. यात काही वावगं नाही. गळतच होतं. मी फक्त बायकांचा वेळ वाचवला.

२८ डिसेंबर

फॉर्म. तेलाची पातळी: उत्तम. खडे: गडद गुलाबी. माहिती वेळेवर पाठवणारी तालुक्यात मीच पहिली असणार. संक्रांतीला वाणात काय द्यावं हा प्रश्न सुटला. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या घरात आहेतच.

१५ जानेवारी २०१६, संक्रांत

प्रत्येकीला तिळगूळ आणि तेलाची बाटली. सुवासिनी खूश. नेकनूरच्या पाहुण्या बाईने तर दोन मागितल्या. लोक वाणात प्लास्टिकचे डबे लुटतात. मी आरोग्य लुटलं.

वत्सलाबाईला बोलावलं नव्हतं. पद्धत नाही, ती विधवा. पण घरी बाटली पोचवली. मागची तशीच भरलेली होती. म्हणाली, बाई, मला चालताफिरता येतंय, मला कशाला? जुन्या माणसांना किंमत नसते.

२ मार्च

ऊन आत्ताच असह्य. डीपीचा आवाज वाढलाय. घूंऽऽ असा. छबुबाई घाबरून म्हणाली, बाई, ही लई गुरगुरायलीय हो. म्हटलं, गुरगुरत नाही, शिवरात्र जवळ आली म्हणून नामस्मरण वाढलंय.

अंगही तापतं तिचं. शेंदूर वितळून ओघळ आले. पुन्हा थापला, या वेळी दुप्पट.

१४ मार्च

डीपीच्या कट्ट्यावर पापड टाकले. एका दुपारीत कडक! गॅस नाही, सरपण नाही. उद्या कुरडया.

३१ मार्च

आज तोटी पूर्ण फिरवली तरी काही येईना. गुरुवारच्या बायका परत पाठवल्या. म्हटलं, चैत्र लागू द्या, डीपीलाही विश्रांती हवी.

फॉर्म भरला. तेलाची पातळी: उत्तम.

८ एप्रिल, पाडवा. सकाळी दहा

गुढी उभारली आणि धडाम्.

आधी वाटलं कोणी फटाका लावला. बाहेर येऊन बघते तर कट्ट्यावर काळा धूर, आणि माझ्या कुरडया वस्तीभर उडालेल्या. डीपी गेली. मोटार बंद.

दृष्ट लागली. नेकनूरची पाहुणी.

१० एप्रिल

टँकरवाल्याने काठावरूनच हात हलवला. धरणाच्या गाळात गाडी रुतेल म्हणाला. होडी चालेल एवढं पाणी नाही, टँकर येईल एवढं कोरडं नाही. बायका गाळातल्या वाळल्या वाटेने पलीकडच्या विहिरीवर जातात. जाऊन यायला सकाळ संपते.

आपली टाकी पाडव्याच्या आदल्या दिवशीच भरून घेतलेली. दूरदृष्टी लागते. दाराला कडी लावून ठेवते, उगीच कोणाच्या मनात पाप यायला नको.

१३ एप्रिल

वत्सलाबाई हंडा घेऊन येताना गाळाच्या भेगेत पाय अडकून पडली. मांडीचं हाड मोडलं. चौघांनी बाजेवर घालून काठापर्यंत नेली, तिथून जीपने केजला. शेवटची राखून ठेवलेली बाटली मी बाजेवर तिच्या उशाशी ठेवली. जाताना ती माझ्याकडे एकटक बघत होती. कृतज्ञता बोलून दाखवता येत नाही काही माणसांना.

१८ एप्रिल

उद्या साहेब येणार डीपी तपासायला. चांगलंच आहे. माझे सगळे फॉर्म त्यांच्याकडे आहेत. शहादेवनेच काहीतरी बिघडवून ठेवलं असणार असं मी सुचवणार आहे, पण हळूच. तोही आईसाठी टोळी सोडून परत आलाय म्हणे.

संकल्प: साहेबांसमोर जास्त बोलायचं नाही.

१९ एप्रिल

नीट लिहिते, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट बोलायला नको.

साहेब तरुण आहेत, चेहरा कोरडा. सगळी वस्ती कट्ट्याभोवती. रिकामे हंडे घेऊनच उभे होते लोक. साहेबांनी माझे फॉर्म काढले, आणि विचारलं, बाई, खडे गुलाबी म्हणून दर महिन्याला लिहिलंय? म्हटलं, हो, आता तर अगदी गडद. ते म्हणाले, खडे निळे असावे लागतात. ओल धरली की गुलाबी होतात. तुम्ही सहा महिने हे आम्हाला लिहून कळवत होता. मी म्हटलं, मग तुम्ही वाचलं नाहीत का? त्यावर साहेबांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवले. हा मुद्दा माझा.

मग त्यांनी शेंदूर खरवडायला सांगितला. शहादेवने खरवडला. पापुद्रे निघता निघेनात. आत काच. काचेत काहीच नाही.

साहेब म्हणाले, एवढं तेल गेलं कुठं? जमिनीवर तर डाग नाही. मी म्हटलं, उन्हाने आटलं असेल. धरण आटलं, तर हे काय.

आणि नेमकी तेव्हाच छबुबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली, हातात संक्रांतीची रिकामी बाटली. म्हणाली, बाई, आज गुरुवार न्हाई म्हाईत हाय, पर पाणी वाहून कंबर गेली. डीपीचं तेल द्या की जरा.

मी साहेबांना हळूच सांगितलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तर तिच्या मागे अजून बायका. सगळ्यांच्या हातात बाटल्या! त्यांना वाटलं साहेब नवीन तेल घेऊन आलेत.

कोणीतरी हसायला लागलं. पण ते हसणं लवकरच थांबलं. रिकामे हंडे घेऊन सगळे माझ्याकडे बघत उभे.

शहादेव शिडीवरून उतरला. मला वाटलं आता हा शिव्या देणार. त्याने खिशातून तो वायसर काढला, कट्ट्यावर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, काकू, घ्या, वाण.

२१ एप्रिल

सभा. हे चेअरमन राहिले नाहीत. स्वतःच सोडलं, तब्येतीमुळे. किल्ली शहादेवकडे.

नवी डीपी यायला महिना-दीड महिना लागेल. तोवर घरटी एका माणसाने पाणी आणायचं. वत्सलाबाई प्लास्टरमध्ये, शहादेव लाईनच्या कामात, मनकर्णा अजून उसात. मग त्यांच्या घरचा हंडा कोणी आणायचा? छबुबाई उठून म्हणाली, बाईंनी आणावा. त्यांचे गुडघे आता एकदम मोकळे हायत. आमाला त्यांनीच सांगितलंय. सगळे हात वर. बिनविरोध.

लोकांचा माझ्यावर विश्वास अजून आहे.

२२ एप्रिल, हनुमान जयंती

पहाटे निघाले. गाळाच्या भेगा इतक्या रुंद असतील असं वाटलं नव्हतं. येताना हंडा चारदा खाली ठेवला. चौथ्यांदा सांडला. परत गेले.

आपल्या घरची टाकीही संपली. हे बाजेवर पडून म्हणतात, आपलाही एक हंडा आण ना.

३० एप्रिल

गुडघे सुजून माठासारखे. लिहवत नाही. संकल्प वगैरे पुढच्या पाडव्याला.

आज वत्सलाबाईच्या उंबरठ्यापर्यंत कशीबशी पोचले. ती बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, उशीर झाला बाई, घसा कोरडा पडलाय माझा. हंडा उतरवताना खाली बसले ती उठताच येईना. तिने बघितलं. उशाखाली हात घालून बाटली काढली. तीच. तोंडाचं बूचसुद्धा न उघडलेली. माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घ्या, तुमचंच हाय. चोळा रात्री. अन् उद्या जरा बिगीबिगी या.

रात्री सगळी बाटली चोळली.

काही गुण नाही.